मदत हवी आहे: दूध संस्थेच्या बिलिंग टूलची माहिती एआय एजंटसाठी कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही सहकारी दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. दोन्ही वेळचं दूध, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दरपत्रक, दहा दिवसांनी पशुखाद्य आणि उचल कापून बिल. सचिवांनी मोबाईलवर मराठीत सांगावं आणि एजंटने काम करावं, म्हणून त्यावर एमसीपी सर्व्हर (सॉफ्टवेअरमधली कामं एआयला 'टूल' म्हणून वापरू देणारा दुवा) बसवतोय. सध्या फक्त चाचणीचा डेटा आहे.

टूल बरोबर चालतात, पण एजंट ती चुकीची वापरतो. त्याला दोष देववत नाही, कारण त्याच्या हातात टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (कोणते रकाने, कशा स्वरूपात भरायचे याचा आराखडा) एवढंच आहे. संस्थेतल्या क्लार्कला जे न सांगता कळतं, ते यात कुठेच लिहिलेलं नाही.

उदाहरण सांगतो. 'संकलन नोंदवा'चं वर्णन आहे 'दुधाची नोंद करते', आणि रकाना आहे 'मात्रा'. तिथे लिटर अपेक्षित आहेत. एका संस्थेचा काटा किलो दाखवतो. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरतं, म्हणजे १०३ किलोचा आकडा तसाच गेला तर १०० लिटरच्या जागी १०३ लिटरचे पैसे निघतात. एवढा फरक रजिस्टरवर नजर फिरवणाऱ्याला दिसतही नाही. तारखेचंही तेच: ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? सभासद क्रमांक ००७ चा तो ७ करतो.

सगळ्यात जास्त काळजी 'बिल अंतिम करा'ची आहे. नेट मंद असलं की उत्तर उशिरा येतं, एजंट पुन्हा तेच टूल चालवतो आणि उचल दोनदा कापली जाते. खऱ्या डेटावर असं झालं तर पहाटे उठून धार काढणाऱ्या माणसाच्या हातात कमी पैसे पडतील. हे मला कोणत्याही परिस्थितीत नको आहे.

प्रत्येक टूलच्या वर्णनात सगळे नियम घालून पाहिले. त्याने 'बिल दाखवा', 'बिल तयार करा' आणि 'बिल अंतिम करा' यांतला गोंधळ उलट वाढला. मग काय वर्णनात लिहावं, काय स्कीमात ठेवावं आणि काय कोडनेच अडवावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी कोडने अडवायचं ते अडवा. एकच बिल दोनदा अंतिम होऊ नये ही जबाबदारी वर्णनावर टाकूच नका. संस्था, सभासद आणि बिलाचा कालावधी मिळून एक किल्ली, म्हणजे त्या बिलाची एकमेव ओळख, करा; दुसऱ्यांदा तीच किल्ली आली तर काहीही न कापता पहिलंच उत्तर परत द्या.

एमसीपीत रीड-ओन्ली (फक्त वाचणारं), डिस्ट्रक्टिव्ह (नुकसान करू शकणारं) आणि आयडेम्पोटंट (पुन्हा चालवलं तरी वेगळा परिणाम न होणारं) अशा खुणा टूलला लावता येतात. 'बिल दाखवा'ला रीड-ओन्ली लावा. खूण नसेल तर टूल डेटा बदलणारं आणि नुकसान करू शकणारं आहे असंच धरलं जातं, म्हणून निरुपद्रवी टूलवर ती आवर्जून हवी. पण या खुणा म्हणजे नुसत्या सूचना आहेत, कुलूप नव्हे.

स्कीमात 'मात्रा' काढून 'मात्रा_लिटर' करा. पाळीला फक्त सकाळ आणि संध्याकाळ हे दोनच पर्याय. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, २०२५-०६-०५ सारखी. सभासद क्रमांक स्ट्रिंग (संख्या नव्हे, मजकूर) ठेवा, म्हणजे पुढची शून्यं टिकतील.

प्रतिसाद २

वर्णनात 'हे टूल काय करतं' याच्याइतकंच 'कधी वापरू नये' महत्त्वाचं. उदाहरणार्थ: 'बिल कायम करते आणि कपाती खात्यावर टाकते. नुसता हिशोब पाहायचा असेल तर बिल दाखवा वापरा. सचिवांनी रक्कम पाहून होकार दिल्याशिवाय चालवू नये.' एवढं पुरतं. दरपत्रकाचे नियम तिथे नकोत, ते हिशोब करणाऱ्या कोडचं काम.

एररच्या मजकुराकडे तर बहुतेक लोक बघतच नाहीत. 'अवैध इनपुट' वाचून एजंट अंदाजाने दुसरं काहीतरी पाठवतो. त्याऐवजी 'सभासद ७ सापडला नाही. क्रमांक तीन अंकी असतो, उदा. ००७' असं आलं तर पुढच्या खेपेला तो बरोबर पाठवतो.

आणि सचिव बोलतात तशीच वाक्यं जमवा: 'मागच्या बिलात पेंडीचे किती कापले?' प्रत्येकापुढे कोणतं टूल, रकान्यांत काय भरून चालायला हवं ते लिहा. वर्णनातला एक शब्द बदलला तरी ती सगळी यादी पुन्हा चालवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. किल्लीचं काम आजच हाती घेतो, आणि वाक्यं सचिवांकडूनच गोळा करतो.

एक शंका उरली. किलोवाल्या संस्थेसाठी 'मात्रा_किलो' असा वेगळा रकाना देऊन रूपांतर कोडमध्ये करावं, की एजंटला आधी एकक विचारायला लावावं?

प्रतिसाद १

वेगळा रकाना द्या आणि दोन्हींपैकी नेमका एकच भरलेला असेल तरच नोंद घ्या. त्या संस्थेचा काटा किलोत आहे हे संस्थेच्या सेटिंगमध्ये असू द्या. तिथून लिटरचा आकडा आला तर नोंद न करता एकक विचारणारी एरर पाठवा.