अनुभव धागा : गाडीचा किंवा कॅम्परचा वॉटर पंप घरच्या घरी बदलताना

पंप स्वतः बदलला असेल त्यांनी इथे जरूर लिहावं. इंजिनात कूलंट फिरवणारा असो, नाहीतर कॅम्परच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) टाकीतलं पाणी नळाला देणारा १२ व्होल्टचा. काय अडलं, काय गळलं आणि का, हे हवंय. इंजिनाचा पंप बाहेरच्या बेल्टवर फिरतो की टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा), ते आवर्जून सांगा, सगळं काम त्यावर ठरतं.

*

बाहेरच्या बेल्टवरचा पंप. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच रेडिएटरचं झाकण उघडा. पुलीचे बोल्ट बेल्ट काढायच्या आधी ढिले करा, नंतर पुली पान्यासोबत फिरत बसते. पुठ्ठ्यावर पंपाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवा. लांबी कमीजास्त असते. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण पंप दाबला जात नाही आणि तिथूनच पाझर सुरू होतो.

जुनं गास्केट (जोडातून गळू न देणारा पातळ थर) खरवडण्यात निम्मा वेळ जातो, तो जाऊ द्यावा. ॲल्युमिनियमवर ब्लेड किंवा पटाशी नको, प्लास्टिकची पट्टी वापरा. खोल ओरखडा पडला तर तिथून गळतं. कागदी गास्केटला सिलिकॉनचा अगदी पातळ हात पुरतो. जाड थर आतल्या बाजूला फुगतो, तुटतो आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन अडकतो. रबरी ओ-रिंग असेल तर सिलिकॉन अजिबात नको, कूलंटचं बोट फिरवा. १० नंबरच्या पान्याने फिरणारे ६ मिमीचे बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला, समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत आवळा. जास्त जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे जातात.

*

टायमिंग बेल्टवरचा पंप असेल तर बेल्ट आणि टेन्शनरही (बेल्ट ताणून धरणारी पुली) त्याच वेळी बदला, उघडझाक एकच आहे. क्रँक (पिस्टनशी जोडलेला दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या खुणा जुळवल्याशिवाय बेल्ट सैल करू नका. नवा बसवल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा बघा. मध्येच कडक लागलं तर थांबा, पिस्टन व्हॉल्व्हला टेकत असू शकतो. तशीच चावी मारली तर व्हॉल्व्ह वाकतील. पहिल्यांदा करताना जाणता माणूस शेजारी हवाच.

*

पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. तिथून धार किंवा सुकलेल्या कूलंटचा मोठा ओघळ दिसला तर आतलं सील गेलंय. ते भोक एम-सीलने बुजवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. जुन्या पंपाचा पंखाही बघा. पाती गंजून खाल्लेली असतील तर त्यात बोअरचं पाणी घातलं जात असण्याची शक्यता धरा. आधी सगळी यंत्रणा धुऊन काढा, मग कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरा. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा. इंजिन तापूनही हीटर गार हवा देत असेल तर एअर अडकली आहे.

काढलेलं कूलंट परातीत उघडं ठेवू नका. ते गोडसर लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडन्या जाऊन मरतात.

*

कॅम्परचा डायफ्रॅम पंप (रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा). नवा आणण्याआधी पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर व्होल्टेज मोजा. ५ मीटर लांब, १.५ चौरस मिमीच्या तारेत ८ अँपिअरला जाऊन-येऊन जवळपास ०.९ व्होल्ट गळतात. ४ चौरस मिमीच्या तारेत ०.३५ च्या आसपास. बरेच ‘मेलेले’ पंप खरं तर उपाशी असतात.

पंपाआधी जाळीचा फिल्टर हवाच. टाकीतला प्लास्टिकचा एक कीस व्हॉल्व्हखाली अडकला तरी दाब टिकत नाही. ओढणारा पाइप आतून जाळी विणलेला घ्या, साधा चपटा होतो. रबरी वॉशरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावू नका, हातानेच आवळा. फ्यूज पंपावरच्या पट्टीत लिहिलेल्या अँपिअरचाच.

सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून ‘टर्र’ करत असेल तर पुढे कुठेतरी गळतंय किंवा पंपातला, पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह धरत नाही. न थांबता चालत असेल आणि नळ फसफसत असेल तर टाकीत पाणी आहे का बघा, मग टाकीकडच्या जोडांत हवा शोधा.

*

हिवाळ्यात लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी: टाकी रिकामी करून भागत नाही, पंपाच्या डोक्यात पाणी उरतं आणि गोठून ते तडकतं. टाकी संपल्यावर नळ उघडे ठेवून पंप काही सेकंद कोरडा चालवा, मग दोन्ही पाइप सोडून फिल्टरची वाटीही रिकामी करा.