मदत हवी आहे : संगणकासाठी आरामदायी आणि स्पष्ट आवाजाचा माइकवाला हेडसेट

निळीशाई :
संगणकाला जोडण्यासाठी मला एक चांगला हेडसेट तातडीने हवा आहे. अटी दोनच आहेत. तो घालून बसल्यावर कानांना त्रास होऊ नये आणि माझे बोलणे समोरच्याला स्वच्छ ऐकू जावे. सध्याचा हेडसेट घेऊन जेमतेम चार महिने झाले आहेत आणि त्याच्या खोक्यावर सुस्पष्ट आवाजाची ग्वाही मोठ्या अक्षरांत छापलेली आहे, तरीही समोरून दिवसातून दहादा 'काय म्हणालात?' असे विचारले जाते. परवापर्यंत निर्णय घ्यायचा असल्यामुळे कृपया तांत्रिक चर्चेत न शिरता थेट नाव सुचवावे.

रात्रपाळी :
नाव सुचवण्यापूर्वी काही गोष्टी विचारणे भाग आहे. सध्याचा हेडसेट तारेचा आहे की ब्ल्यूटूथचा? दिवसातून किती तास घालता? खोलीत पंखा, रहदारी, मुले यांचा आवाज असतो का? आणि त्रास होतो म्हणजे नेमके काय दुखते, कान, कानामागचा भाग की टाळू? मी गेली अनेक वर्षे हेडसेट लावून लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची नोकरी करतो आहे. एकाच्या डोक्यावर पिसासारखा बसणारा हेडसेट दुसऱ्याला तासाभरात नकोसा होतो, हे रोज पाहतो.

ध्वनिवेल्हाळ :
मुळात हेडसेट ही तडजोड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐकण्याचे आणि बोलण्याचे काम एकाच वस्तूवर सोपवले की दोन्ही अर्धवट होतात. मागची बाजू उघडी असलेले हेडफोन घ्यावेत, म्हणजे कानात हवा खेळती राहते, आणि टेबलावर स्टँडसह स्वतंत्र कंडेन्सर माइक ठेवावा. एकदा तो आवाज ऐकलात की पुन्हा हेडसेटकडे वळून पाहणार नाही.

निळीशाई :
मला गाणी ध्वनिमुद्रित करायची नाहीत, साधे बोलायचे आहे. माझ्या टेबलावर स्टँडला जागाही नाही. कोणी फक्त नाव सांगू शकेल का?

तारायंत्र :
डोळे मिटून तारेचा यूएसबी हेडसेट घ्यावा. त्यात ध्वनीचे सर्किट हेडसेटच्याच तारेत किंवा कपात असते, त्यामुळे संगणकाच्या आतल्या खरखरीशी त्याचा फारसा संबंध राहत नाही. चार्जिंग नको, जोडणी तुटण्याची भीती नको. कंपनी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.

बिनतारी :
तार म्हणजे खुर्चीच्या चाकाखाली येणारी, दाराच्या कडीत अडकणारी आणि पाणी प्यायला उठल्यावर मानेला हिसका देणारी वस्तू, हे श्री. तारायंत्र यांनी सोयीस्करपणे वगळले आहे. मी दोन वर्षे बिनतारी हेडसेट वापरतो आहे आणि मला एकदाही कोणी 'काय म्हणालात?' असे विचारलेले नाही.

तारायंत्र :
कदाचित आपल्या हाताखालच्या लोकांना तसे विचारण्याची हिंमत होत नसेल.

निळीशाई :
माझा हेडसेट ब्ल्यूटूथचाच आहे, पण दोष त्यात नसावा, कारण त्यावर गाणी उत्तम वाजतात. मी दिवसाला चार ते पाच तास मुलांची गणिताची शिकवणी ऑनलाइन घेते. काल 'साठ भागिले पाच' असे सांगितले आणि अर्ध्या वर्गाने आठाला पाचाने भागायला घेतले. एका मुलीने तर 'बाई, उत्तर अपूर्णांकात येते आहे, चालेल का?' असे विचारले. म्हणून घाई आहे.

रात्रपाळी :
ही माहिती पहिल्याच वेळी दिली असती तर आपला एक दिवस वाचला असता. 'साठ'चा 'आठ' झाला यातच सगळे निदान आहे.

ब्ल्यूटूथ हेडसेट दोन निरनिराळ्या पद्धतींनी काम करतो. गाणी ऐकताना आवाज फक्त संगणकाकडून कानाकडे जातो, त्यामुळे सगळी क्षमता त्याच दिशेला वापरता येते आणि दोन्ही कानांना वेगवेगळा, भरदार आवाज मिळतो. हेडसेटचा माइक चालू झाला की तोच हेडसेट संभाषणाच्या पद्धतीवर जातो. या पद्धतीच्या जुन्या प्रकारात आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात आणि तेवढ्या नमुन्यांत ४,००० हर्ट्झच्या वरचे, म्हणजे फार उंच पट्टीचे, काहीही मावत नाही. जुन्या टेलिफोनचा पट्टाही साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच होता. 'स'चा जो सळसळता भाग असतो त्याचा बराचसा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की 'साठ'मधला 'स' जवळजवळ नाहीसा होतो आणि पोहोचतो तो 'आठ'. आमच्या कामात म्हणूनच ग्राहकाने सांगितलेला आकडा सुटा करून, 'सहा शून्य' असा पुन्हा म्हणून घेण्याची शिस्त आहे.

शिकवणी सुरू होताच मुलांचे आवाजही डब्यातून आल्यासारखे, दोन्ही कानांत एकसारखे होतात का, हे लक्ष देऊन ऐका. होत असतील तर शंकेला जागा नाही.

बिनतारी :
अर्धे सत्य सांगितले जात आहे. त्याच संभाषण पद्धतीत सेकंदाला १६,००० नमुन्यांचा प्रकार कित्येक वर्षांपासून आहे आणि त्यात 'स' पुष्कळच बरा ऐकू येतो. एलई ऑडिओ नावाच्या नव्या पद्धतीत त्याहून चांगला आवाज मिळतो. शिवाय बिनतारी म्हणजे केवळ ब्ल्यूटूथ नव्हे. यूएसबीमध्ये स्वतःचे छोटे डोंगल लावून २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे हेडसेट असतात आणि त्यांना ही अडचण सहसा येत नाही.

रात्रपाळी :
मान्य आहे. फक्त ते चांगले प्रकार संगणक आणि हेडसेट या दोघांनाही यावे लागतात, आणि एकाला येत नसेल तर दोघे मुकाट्याने जुन्या प्रकारावर उतरतात. खोक्यावर हे कोणी छापत नाही. डोंगलचा पर्याय खरोखरच चांगला आहे, मात्र ते यूएसबी ३ च्या खाचेत, चालू असलेल्या बाहेरच्या डिस्कशेजारी खोचू नये. त्या जोडणीचा गोंगाट याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि आवाज तुटक येऊ लागतो. हातभर एक्स्टेन्शन लावून डोंगल बाजूला नेले की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

तारायंत्र :
म्हणजे तार नको म्हणून डोंगल घ्यायचे आणि डोंगलसाठी पुन्हा तार घ्यायची. उत्तम.

कानोकानी :
एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय, असलेला हेडसेट घ्या, बाकी काही पाहू नका. माझ्याकडे आहे आणि प्रवासात इंजिनाची घरघर अगदी नाहीशी होते.

रात्रपाळी :
एएनसी ही सोय हेडसेट घालणाऱ्याच्या कानांसाठी असते. तिच्यामुळे बाईंना पंखा ऐकू येणार नाही, पण मुलांना तो पूर्वीइतकाच ऐकू येईल. माइकमधून जाणारा गोंगाट गाळण्याची सोय वेगळी असते, तिला बहुधा ईएनसी म्हणतात, आणि ती फार जोरात लावली तर शब्दांची टोकेही गाळली जातात. या धाग्यावर इंजिनाचा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

धागाकर्तीने आज एक प्रयोग करून पाहावा. ऐकण्यासाठी हेडसेट तोच ठेवा, पण शिकवणीच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडा. हेडसेटचा माइक कोणी मागितलाच नाही तर तो गाण्यांच्या पद्धतीवरच राहतो.

निळीशाई :
प्रयोग केला. मुलांचे आवाज एकदम मोकळे झाले आणि आजपर्यंत मी काय ऐकत होते असा प्रश्न पडला. 'साठ' आणि 'आठ' यांत कोणाचाही गोंधळ झाला नाही. परंतु मी टंकताना कळांचा खडखडाट सर्वांना ऐकू गेला आणि वही बघायला मागे सरकले की 'बाई, लांब गेलात' अशी तक्रार आली. त्यामुळे हेडसेट लागणारच आहे. शिवाय कानांच्या वर दुखण्याचा प्रश्न तसाच आहे. दुसऱ्या तासाला दोन्ही बाजूंना सुई टोचल्यासारखे होते.

ध्वनिवेल्हाळ :
लांब गेल्याची तक्रार येणे साहजिक आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, मागचा पंखा मात्र आहे तेवढाच राहतो. माझ्या सूचनेतला स्टँडचा माइकही मागे सरकल्यावर हेच करील, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. आपल्यासाठी दांडीवरचा, एका दिशेने ऐकणारा माइक योग्य आहे, कारण डोके वळले तरी तो तोंडापासून हलत नाही. मात्र तो तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर असावा. समोर ठेवलात तर 'फळा', 'भागाकार', 'पाढे' यांतल्या प्रत्येक 'फ', 'भ', 'प'बरोबर श्वासाचा धपका माइकवर आदळेल.

चष्मेबद्दूर :
दोन्ही कानांच्या वर टोचते, असे आपण लिहिले आहे. आपण चष्मा लावता का?

निळीशाई :
हो, लावते. त्याचा काय संबंध?

चष्मेबद्दूर :
सगळा संबंध त्याचाच आहे. हेडसेटचे कुशन चष्म्याच्या काडीला डोक्यावर दाबते आणि काडी टणक असल्यामुळे सारा दाब एका रेघेत उतरतो. शिवाय काडीमुळे कुशनखाली फट राहते, आवाज पातळ होतो आणि आपण नकळत तो वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही ऐकण्याची सुरक्षित मर्यादा सांगते. दिवसाला पाच तास ऐकणाऱ्याने आवाजाची पट्टी कुठवर गेली आहे हे अधूनमधून पाहावे.

चष्मेवाल्यांनी कानावर टेकणारे नव्हे, तर पूर्ण कान आत घेणारे कप पाहावेत, कुशन मऊ आणि कापडी असावे, पकड सैल असावी आणि वजन शक्य तितके कमी असावे. नवा हेडसेट फार आवळत असेल तर डोक्यापेक्षा किंचित रुंद अशा पुस्तकांच्या गठ्ठ्यावर तो रात्रभर चढवून ठेवतात. पोलादी पट्टीच्या कमानीला हा उपाय लागू पडतो, पण निव्वळ प्लास्टिकची कमान तडकते. माझी एक तडकलेली आहे.

रात्रपाळी :
यात एक भर घालतो. साइडटोन, म्हणजे आपलाच आवाज हलकेच आपल्या कानात सोडण्याची सोय, असलेला हेडसेट मिळाला तर अवश्य घ्या. कान झाकले की माणसाला स्वतःचा आवाज नीट येत नाही आणि तो ओरडून बोलू लागतो. पाच तास शिकवणाऱ्याचा घसा या सोयीमुळे पुष्कळ वाचतो.

निळीशाई :
सर्वांचे आभार. यावरून आठवले की माझ्या खणात दांडीच्या माइकचा एक जुना तारेचा हेडसेट पडून आहे. कप मोठे आहेत आणि वजन अगदी कमी आहे. त्याला दोन पिना आहेत आणि लॅपटॉपला भोक एकच आहे. एक पिन खोचली की ऐकू येते, पण माइक चालत नाही, म्हणून बिघडला असे समजून ठेवून दिला होता.

तारायंत्र :
हे आपण आज सांगत आहात!

तो बिघडलेला नाही. दोन पिनांपैकी एक ऐकण्याची आणि दुसरी माइकची असते. आपल्या लॅपटॉपच्या भोकात बहुधा दोन्ही कामे एकत्र आहेत आणि त्याला तीन काळ्या रेघांची, चार भागांची पिन लागते. दोन पिनांची एक पिन करणारा छोटा जोड मिळतो. जोडाच्या पिनेवर तीन काळ्या रेघा आहेत ना, हे मोजून घ्या. दोनच असतील तर तो जोड वेगळ्या कामाचा आहे. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येऊ लागला तर जोडाऐवजी दोन भोकांचे छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्या.

निळीशाई :
शेजारच्यांकडे असा जोड मिळाला. तीन रेघा मोजल्या. तरीही मुले म्हणतात की कळांचा खडखडाट येतोच आहे.

रात्रपाळी :
कालच्या प्रयोगात निवडलेला लॅपटॉपचा माइक तसाच राहिला असावा. ध्वनीच्या सेटिंगमध्ये माइकची पट्टी उघडी ठेवा आणि नखाने दांडीच्या टोकावर टकटक करा. पट्टी उसळली पाहिजे. मग तीच टकटक लॅपटॉपच्या झाकणावर करा.

निळीशाई :
झाकणावर टकटक केल्यावरच पट्टी उसळत होती. माइक बदलला आणि दोन तास शिकवले. साठ, सात, सहा, आठ, सगळे आकडे जागच्या जागी पोहोचले आणि चार्जर लावूनही घूं आवाज आला नाही. चष्म्यावरचा दाबही पुष्कळ कमी वाटला. आता नवा हेडसेट घेण्याचा बेत तूर्त रद्द केला आहे.

मात्र एक नवी अडचण आहे. कुशनचे कृत्रिम कातडे सुटले असून तास संपल्यावर कानांवर आणि गालांवर काळे कपचे चिकटलेले असतात. आज कॅमेरा चालू होता आणि एका मुलाने 'बाई, तुमच्या गालाला शाई लागली आहे' असे भर वर्गात सांगितले. या हेडसेटला बसेल असे कापडी कुशन कोणते घ्यावे, त्याचे थेट नाव कृपया सांगावे.

चष्मेबद्दूर :
कुशन नावावरून नव्हे, मापावरून घेतात. कप गोल आहे की अंडाकृती?

निळीशाई :
अंडाकृती आहे. पट्टीने मोजले तेव्हा उंची ९ सेंटिमीटर आणि रुंदी ७ सेंटिमीटर भरली. आता तरी नाव सांगा.

रात्रपाळी :
माप कपाच्या बाहेरच्या कडेचे घेतलेत की कुशनच्या आतल्या भोकाचे?