घटनेचं जाडं पुस्तक: कसं वाचलंत, काय वाटलं?

गोव्यात एलएलबी करणाऱ्या, केलेल्या आणि अर्ध्यावर सोडलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. वाचनाच्या यादीत पहिल्या नंबरावर असतं ते घटनेचं जाडं पुस्तक, हजारावर पानांचं. ते तुम्ही कसं वाचलंत, कुठे अडलात, कुठला भाग आवडला, ते लिहा. पुस्तकाचं नाव नको, सरांचंही नको. नाव आलं की भांडण नावावरून सुरू होतं आणि पुस्तक बाजूला राहतं. तशी चार-पाच पुस्तकं चालतात आणि कुरकुर सगळ्यांबद्दल तीच.

माझ्यापासून सुरुवात करतो. मूलभूत हक्कांची प्रकरणं सुरेख आहेत. 1951 चा शंकरीप्रसाद, 1967 चा गोलकनाथ, 1973 चा केशवानंद, हे घटनादुरुस्तीच्या अधिकारावरचे निवाडे: संसद आणि कोर्ट यांच्यातली ओढाताण लेखकाने अशी रंगवली आहे की जेवायची हाक आली तरी उठवत नाही. केशवानंदमध्ये 13 न्यायाधीश, 7 विरुद्ध 6. एक मत फिरलं असतं तर आज आपण दुसरंच काहीतरी शिकत असतो. राज्यांच्या भागात मात्र घाई दिसते. बाराव्या दुरुस्तीने गोवा संघप्रदेश, 1987 मध्ये छप्पन्नाव्या दुरुस्तीने विधानसभेसाठी कलम 371-आय, त्यात किमान 30 सदस्य, झालं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा 1967 चा जनमत कौल कुठेच नाही. कलम 3 खाली राज्यं जोडताना-तोडताना तिथल्या जनतेला विचारायचं बंधन संसदेवर नाही. तरी इथे विचारलं, आणि त्यासाठी संसदेने 1966 मध्ये वेगळा कायदा केला. घटनेच्या विद्यार्थ्याला याहून चांगलं उदाहरण कुठलं द्यायचं?

डिचोली, नोकरी सांभाळून तीन वर्षांचा कोर्स

चौथीपर्यंत मराठी, मग इंग्रजी, आमच्या गावात बहुतेकांचं असंच. त्यामुळे इंग्रजीची भीती नाही, पण या पुस्तकातलं वाक्य एका पानावर सुरू होऊन दुसऱ्या पानावर संपतं आणि वाटेत तीन ‘परंतु’ भेटतात. मी उलटीकडून वाचते. आधी बेअर अ‍ॅक्टमधलं (भाष्याशिवाय छापलेल्या नुसत्या कायद्यातलं) कलम, मग निवाड्यांची नावं, आणि शेवटी लेखक काय म्हणतो ते. कलम 19 चंच घ्या. ए, बी, सी, डी, ई आणि एकदम जी. एफ कुठे गेला? मालमत्तेचा हक्क होता तो, 1978 च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने काढला आणि 300-ए मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला. बेअर अ‍ॅक्ट हातात असला की हा प्रश्न आपल्याला आपणहून पडतो. मग पुस्तकातलं उत्तर डोक्यात राहतं. शिवाय कदंबाच्या बसमध्ये उभ्याने बेअर अ‍ॅक्ट वाचता येतो. जाडं पुस्तक वाचायला सीट लागते, आणि संध्याकाळी पणजीहून सुटणाऱ्या बसमध्ये ती कुणाला मिळते?

फोंडा

सगळे विद्वान जमलेत म्हणून खरं सांगतो. मी पातळ पुस्तकावर पास झालो, झेरॉक्स नोट्सवर चांगल्या मार्कांनी पास झालो. जाडं पुस्तक घरी आहे. भाऊ त्याच्यावर लॅपटॉप ठेवतो.

काणकोण, शेवटचं वर्ष

फोंडेकर पात्रांव, पास होण्याचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. पण पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची नोट्समधून वाचून गोव्यात वकिली करणार? पक्षांतराच्या प्रकरणात दोन निवाडे आपल्या विधानसभेचे आहेत. 1993 चा डॉ. काशिनाथ जल्मी: सभापतीला आपलाच अपात्रतेचा आदेश पुन्हा तपासून फिरवता येत नाही. 1994 चा रवी नाईक: सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे फक्त राजीनामा नव्हे, वागण्यावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो. देशात कुठेही आमदार फुटले की दुसऱ्या दिवशी हा दुसरा निवाडा निघतो. पुस्तकात दोघांना मिळून एक परिच्छेद. किहोटो निवाड्याला (1992) मात्र पानंच्या पानं, आणि ते योग्यच आहे, कारण सभापतीच्या निर्णयाची न्यायालयीन तपासणी होऊ शकते हे तिथेच ठरलं.

माझी खरी नाराजी त्या अनुसूचीतल्या परिच्छेद तिसरा आणि चौथा यांच्या मांडणीवर आहे. एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ मानायची ही पळवाट 2003 च्या एक्याण्णवाव्या दुरुस्तीने बंद केली. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. 2019 मध्ये इथे काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदारांनी तीच धरली, 2022 च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ती मान्य केली आणि त्याच सप्टेंबरमध्ये 11 पैकी 8 जण त्याच वाटेने गेले. मूळ पक्षाचं विलीनीकरण व्हायला हवं की विधिमंडळ पक्षाचं पुरे, हा सगळ्या वादाचा गाभा. पुस्तक तो प्रश्न मांडतं आणि आपलं मत न देताच पुढच्या प्रकरणाकडे वळतं. एवढ्या मोठ्या लेखकाने इथे गप्प का बसावं, मला कळलेलं नाही.

सासष्टी

समान नागरी कायद्याबद्दल लिहायलाच हवं. कलम 44 च्या खाली ‘गोव्यात असा कायदा आहे’ एवढं एक वाक्य. वर्गात बाहेरच्या राज्यांतले विद्यार्थी आमच्याकडे कौतुकाने बघतात, आणि आम्ही आपले गप्प. मूळ 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, तिच्यासोबत हिंदूंच्या रूढींसाठी 1880 चा वेगळा आदेश, म्हणजे ‘समान’ला सुरुवातीपासूनच अपवाद. वारशाच्या भागाची जागा आता राज्याच्याच 2012 च्या कायद्याने घेतली आहे, तो 2016 पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या कुतिन्हो निवाड्यात गोव्याची वाखाणणी केली, ती सगळेच उद्धृत करतात. पण त्या खटल्यातला प्रश्न होता तो गोवेकराची राज्याबाहेरची मालमत्ता कुठल्या कायद्याने वाटायची हा. निकाल लागला आपल्या संहितेच्या बाजूने. स्तुतीची ओळ सगळ्यांना पाठ, प्रश्न कुणाला आठवत नाही. पुस्तकानेही नेमकं तेच केलंय.

म्हापसा

जुनी आवृत्ती घेणाऱ्यांसाठी. माझी प्रत सीनियरकडून आली, 2017 च्या आधीची. समासात त्याची पेन्सिलीतली टिपणं छापील मजकुराहून सरस, त्यासाठी आजही ती प्रत देणार नाही. पण खासगीपणाच्या हक्कावर तिथे अजून एम. पी. शर्मा आणि खरकसिंग या जुन्या निवाड्यांचाच घोळ चाललाय. खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा नऊ न्यायाधीशांचा पुट्टस्वामी निवाडा 24 ऑगस्ट 2017 चा. आमदार-खासदारांच्या लाचेबद्दलचा नरसिंह राव निवाडा तिथे जिवंत, तो 2024 मध्ये सीता सोरेन निवाड्याने मोडला. जुनं पुस्तक घेताना शेवटची दुरुस्ती कुठली आहे ते आधी बघा. 2023 ची एकशे सहावी, महिला आरक्षणाची, नसेल तर नवीन निवाडे वेगळ्या वहीत लिहायची तयारी ठेवा. नवी आवृत्ती परवडत नसेल तर पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी आहेच.

सत्तरी

नदीच्या तंट्यांचं प्रकरण वाचा. कावेरीवर रकानेच्या रकाने. म्हादईसाठी लवाद 2010 चा, निवाडा 2018 चा, आणि आमच्या वाट्याला एक ओळ. कलम 262 मात्र छान समजावलंय.

मडगाव

पंचायत आणि पालिकांचं प्रकरण कुणी वाचत नाही, परीक्षेलाही कमी मार्कांना येतं. मी वाचलं, कारण 2021 मध्ये आमच्या पालिकेची निवडणूकच कोर्टात अडकली होती. मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे, सांगे या पाचांच्या आरक्षणाचा वाद. सर्वोच्च न्यायालयाने त्याच निवाड्यात त्याहून मोठी गोष्ट सांगितली: सरकारी सेवेतल्या माणसाला राज्य निवडणूक आयुक्त नेमता येणार नाही. इथे कायदा सचिवांकडेच तो अतिरिक्त कार्यभार होता. राज्य निवडणूक आयोगाचं 243-के हे कागदावरचं कलम आपल्या पालिकेमुळे देशभर जिवंत झालं, असं माझं मत. नव्या आवृत्तीत हा निवाडा आलाय, पण तळटीपेत.

पर्वरी, वकिली करतो

मुलांनो, तळटीपेला नावं ठेवू नका. आम्ही हे पुस्तक आजही उघडतो ते तळटीपा आणि शेवटची सूची यांच्यासाठीच. रिट याचिका तयार करताना वर काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. मुद्द्यावरचा निवाडा शोधायचा, तो मुळातून वाचायचा आणि नंतर तो कुठे फिरवला गेलाय का ते तपासायचं. न्यायमूर्तींसमोर ‘पुस्तकात असं म्हटलंय’ एवढ्यावर भागत नाही. मूट कोर्टात, म्हणजे मुलांच्या सरावाच्या खटल्यात, परीक्षक म्हणून बसतो तेव्हा रेशो (निकालामागचं कायद्याचं कारण) विचारला की मुलं हेडनोट (निवाड्यावरचा छापील सारांश) वाचून दाखवतात. काणकोणकरांना एक सुचवतो: लेखकाने मत दिलेलं नाही तिथे तुम्ही तुमचं लिहा, मूटमध्ये आम्ही तेच ऐकायला बसलेले असतो.

पेडणे, पहिलं वर्ष

सगळं वाचलं. आता नेमकं सांगा, पहिल्या सेमिस्टरला घेऊ की नको?

धागा सुरू करणारा

आता बेअर अ‍ॅक्ट घे, ताजा. जाडं पुस्तक लायब्ररीतून आण आणि कलम 12 ते 21 एवढंच वाच. तेवढं वाचून पुढचं वाचावंसं वाटलं तर विकत घे. नाही वाटलं तर फोंडेकरांकडून नोट्स माग.

फोंडा

नोट्स देतो. झेरॉक्सचे पैसे तुझे.