ज्वालामुखीच्या मुलखात, पाठीवर सॅक टाकून: अनुभव सांगा

मंडळी, जुलैत इकडं पंचगंगा पात्राबाहेर येते तेव्हा तिकडं इंडोनेशियातल्या जावा बेटावर कोरडा मोसम असतो. आम्ही पेठेतली पोरं तेव्हाच तिथले ब्रोमो आणि इजेन हे दोन ज्वालामुखी करायचं म्हणतोय. पॅकेज टूर नको, खर्च वाटून. ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा. फोटो आम्ही बघितलेत. पैसे कुठं वाचतात आणि कुठं वाचवू नयेत, तेवढं सांगा.
(पेठेतला पोरगा)

उद्यमनगरी

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथनं क्वालालंपूरमार्गे सुराबाया. उतरल्यावर व्हिसा माणशी ५ लाख रुपिया. आकडा ऐकून आमच्यातल्या एकाचं तोंड उतरलं, पण आपल्या पैशात ते तीन हजारांच्या आसपास. सुराबाया ते प्रोबोलिंगो रेल्वेनं जा, इकॉनॉमी डबा चांगला असतो. पुढं चेमोरो लावांग गावाला जाणारी गाडी म्हणजे आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही बराच वेळ ताटकळलो आणि शेवटी रिकाम्या सीटांचे पैसे वाटून घेतले.

ब्रोमोला जीप घ्यायची काही गरज नाही, भावा. गाव जुन्या महाविवराच्या काठावरच आहे. डोक्याला बॅटरी लावून पहाटेआधी पायी वर गेलं की सूर्योदय दिसतो. मग खाली उतरून वाळूचं मैदान तुडवायचं, शेवटी पायऱ्या चढल्या की ब्रोमोचं तोंड. उंची २,३२९ मीटर. मागं ३,६७६ मीटरचा सेमेरू उभा. जीपवाले धुरळा उडवत जातात तेवढा तोंडाला रुमाल असू दे.

रंकाळ्याची पोरगी

आम्ही सगळ्या मैत्रिणी गेलो तेव्हा कसादा सण होता. ब्रोमोभोवतीचे तेंग्गेर लोक हिंदू आहेत. विवराच्या पायथ्याशी वाळूत त्यांचं देऊळ आहे. सणाला भाजीपाला, कोंबड्या, पैसे घेऊन वर चढतात आणि विवरात टाकतात. आतल्या उतारावर काही जण जाळी घेऊन उभे, वरनं पडलेलं झेलायला! काळजाचा ठोका चुकतो बघताना. सण बघण्यासारखाच, पण खोल्यांचे भाव त्या दिवसांत चढलेले असतात. आधी ठरवून जा.

शाकाहारी असाल तर: वारुंग म्हणजे तिथली खाणावळ, स्वस्त आणि गरम. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या. पेचेल म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, ती आपल्या जिभेला लगेच पटते. मात्र लाल सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा कोळंबीचं वाटण असतं, त्याला तरासी म्हणतात. विचारून खा. आम्ही कांदा-लसूण मसाला आणि भडंग नेलं होतं. नुसत्या भाताबरोबर मसाला मिसळून किती जेवणं झाली, विचारू नका.

बावडेकर

इजेनबद्दल लिहितो, जरा लांबेल.

वडील साखर कारखान्यात होते. उसाचा रस उजळ करायला गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात, हे लहानपणापासून माहिती. आपल्याकडचं गंधक बहुतेक तेलशुद्धीकरणातनं येतं. इजेनचं माणसाच्या खांद्यावरनं येतं, आणि तेही तिथल्या साखरेसाठी जातं. विवरात नळ्या बसवल्यात. वायू त्यातनं येता येता निवतो, गडद लाल रस ठिबकतो आणि थंड झाला की पिवळा दगड होतो. पहारीनं फोडायचा, दोन टोपल्यांत भरायचा, कावड खांद्यावर घ्यायची. सत्तर ते नव्वद किलो. त्या ओझ्यानं विवर चढून वर, मग पुन्हा डोंगर उतरून खाली. ते समोरनं आले की बाजूला व्हा, फोटोसाठी अडवू नका. काढलाच फोटो तर पैसे द्या, तिथं घासाघीस करणाऱ्यांचा मला राग येतो.

इजेनच्या विवरात दिसणारी निळी आग म्हणजे लाव्हा नव्हे, गंधकाचा वायू हवेत पेटतो. उजाडलं की दिसत नाही, म्हणून रात्री एक-दोनलाच पायथ्याच्या पालतुडिंगहून निघायचं. काठापर्यंत तीनेक किलोमीटर खडी चढण.

आता पैशाचं. पायथ्याशी गॅस मास्क भाड्यानं मिळतो. आमच्यातल्या एका हिशेबी गड्यानं ते भाडं वाचवलं आणि ओला रुमाल बांधला. वारा फिरला, धूर अंगावर आला, आणि गडी खोकून खोकून खाली बसला. दोघांनी त्याला काठावर आणला. त्या दोघांची निळी आग राहिली ती राहिलीच. एरवी वाट्टेल तिथं वाचवा.

राजारामपुरी

एक-दोन रात्रींचे पैसे जास्तीचे ठेवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरचा लेवोतोबी फुटला आणि राखेमुळं बालीची विमानं रद्द झाली. आम्ही तिथंच अडकलो. इजेननंतर फेरीनं बाली अगदी जवळ, त्यामुळं सगळे तिथनंच परततात. निघायच्या आधी सरकारी इशारा बघा. चार पातळ्या असतात, वरच्या दोन असतील तर त्या डोंगराचा नाद सोडा.

गडावरचे काका

पोरांनो, जावा की जावाला. पण आधी पन्हाळा ते पावनखिंड चाला, एसटीच्या तिकिटात ज्वालामुखीचा मुलूख आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचला, तोच हा सह्याद्री. वरचा जांभा तोच कातळ झिजून झालेला, म्हणून मसाई पठारावर माती लाल. बांदिवड्याला तर कातळाचे उभे खांब आहेत. लाव्हा निवताना आकसतो, तडकतो, त्याचे कोनदार खांब होतात. आम्ही पावसात चालतो, रात्री वाडीत कुणाच्या सोप्यात पथारी टाकतो. भाकरी-पिठलं देणाऱ्या माउलीच्या हातावर पैसे ठेवतो, ती नको म्हणाली तरी.

पेठेतला पोरगा

काका, पन्हाळ्यापासनं सुरुवात, ठरलं. बावडेकर, मास्कचे पैसे आधीच बाजूला काढतो. एकच राहिलं: थंडीचे कपडे इथनं न्यायचे का?

उद्यमनगरी

कानटोपी आणि हातमोजे ने. जाकीट चेमोरो लावांगला भाड्यानं मिळतं, उगाच सॅक भरू नको. पहाटे वर दात वाजतात, तेवढं ध्यानात ठेव.