मदत हवी आहे: थंडरबर्डमधे अर्काइव्ह केलेलं २०१९ चं फोल्डर रिकामं दिसतंय, फाइल मात्र साडेचार जीबीची आहे

पॅटर्नशॉप_ऑफिस

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातून लिहितोय, शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं पॅटर्न शॉप आहे, फौंड्रीवाल्यांना पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीच्या गाभ्याचे लाकडी साचे) करून देतो, मी ऑफिस बघतो म्हणजे मेल, चलन, बिलं, जीएसटी सगळं माझ्याच गळ्यात. कॉम्प्युटरमधलं मला कामापुरतंच कळतं तेव्हा जरा सोपं करून सांगा.

तर झालंय असं की आमच्या डोमेनचा मेल आहे, होस्टिंगवाल्याकडे १० जीबी जागा आहे आणि ती गेल्या महिन्यात भरली. कस्टमरचे मेल परत जायला लागले, एकानं तर फोन करून विचारलं की शॉप बंद केलं काय म्हणून. ड्रॉइंगच्या पीडीएफ आणि कॅडच्या फायलींनी जागा खाल्लीय. होस्टिंगवाला म्हणाला जादा पैसे भरा नाहीतर जुने मेल कमी करा. साहेब म्हणाले कमी करा. (साहेब कायम हेच म्हणतात.)

मग मी थंडरबर्डमधे, म्हणजे आमच्या मेलच्या प्रोग्रॅममधे, जुने मेल सिलेक्ट करून अर्काइव्हसाठी ए दाबत बसलो, दोन दिवस तेच केलं. वर्षावर्षाची फोल्डरं छान तयार झाली पण होस्टिंगची जागा तसूभर कमी झाली नाही. मग ओळखीच्या एका पोरानं सेटिंग बदलून दिलं, आता अर्काइव्ह लोकल फोल्डर्समधे म्हणजे पीसीवरच जातंय. आधी सर्व्हरवरच झालेल्या अर्काइव्हमधली २०१८ ते २०२१ ची फोल्डरं पण त्यानं ओढून लोकलमधे टाकली आणि कॉम्पॅक्ट (फायलीतली रिकामी जागा काढून टाकणं) मारलं. कॉम्पॅक्ट चालू असताना लाईट गेली. यूपीएस आहे पण त्याची बॅटरी दिवाळीपासून नुसती शोभेला आहे.

आता २०१८, २०२०, २०२१ नीट उघडतायत. २०१९ वर क्लिक केलं की कोरं, एक मेल दिसत नाही. सर्व्हरवरचं २०१९ पण गेलंय. पोरगा म्हणतोय डेटा उडाला. पण त्यानंच प्रोफाइलचं फोल्डर (थंडरबर्ड सगळं साठवतो ते) उघडून दाखवलं त्यात २०१९ नावाची फाइल आहे तिची साइज ४.६ जीबी आहे, मग उडालं कसं? आणि मला नेमकं २०१९ च पाहिजे, ऑगस्टमधला एक मेल आहे, एका पंपाच्या केसिंगचं ड्रॉइंग. कस्टमरला जुन्या पंपाचे स्पेअर पाहिजेत, आमच्याकडचा कोअर बॉक्स वाळवीनं गेलाय, नवीन करायचा तर त्या वेळची रिव्हिजन पाहिजे. कस्टमरकडे आता पुढची रिव्हिजन आहे, ते म्हणतायत जुनी ९ ऑगस्ट २०१९ ला मेल केलेली, तुमच्याकडंच बघा.

कुणी मार्ग दाखवेल काय? थंडरबर्ड तेव्हापासून बंद करून ठेवलाय, हात लावलेला नाही.

मिसळ_कट

रिपेअर फोल्डर मारा की. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. सगळ्याच फोल्डरांवर मारून टाका, दोन मिनिटाचं काम. नाद करायचा नाही.

सर्व्हर_रूम

@मिसळ_कट भावा थांब जरा, सगळ्यांवर नको. दादा, तुम्ही थंडरबर्ड बंद ठेवलात हे सगळ्यात शहाणपणाचं केलंत, तसाच राहू दे.

आधी काय झालंय ते सांगतो. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फायलीत एकाखाली एक लिहून ठेवतो, तिला एमबॉक्स म्हणतात आणि तिला एक्स्टेंशन नसतं, ती तुमची २०१९ नावाची फाइल. तिच्या शेजारी त्याच नावाची पण शेवटी एमएसएफ असलेली दुसरी छोटी फाइल असते, ती नुसती अनुक्रमणिका. यादीत जे दिसतं ते त्या अनुक्रमणिकेवरून दिसतं. तुमची लाईट गेली तेव्हा ही अनुक्रमणिका अर्धवट राहिली असणार, मेल आहेत तिथंच आहेत. वहीची पहिली दोन पानं फाटली म्हणून वही रद्दीत जात नाही.

रिपेअर म्हणजे ही अनुक्रमणिका नव्यानं लिहिणं. लोकल फोल्डरवर ते चालतं. पण सर्व्हरशी जोडलेल्या आयमॅपच्या फोल्डरवर रिपेअर मारलं तर तो पीसीवरची प्रत टाकून देतो आणि सर्व्हरवर जे असेल ते परत उतरवून घेतो. सर्व्हरवर नसेल तर मग बसा बोंबलत. म्हणून सगळ्यांवर मारू नका म्हणतोय.

आणि काहीही करायच्या आधी लोकल फोल्डर्सची अख्खी कॉपी दुसऱ्या डिस्कवर घ्या. फोल्डरमधे एनएसटीएमपी नावाच्या फायली दिसतायत का ते पण बघा, अर्धवट कॉम्पॅक्टचा तो कचरा असतो, पण आत्ता उडवू नका.

पॅटर्नशॉप_ऑफिस

एनएसटीएमपी आहे एक, ३ जीबीची. २०१९ ची एमएसएफ फाइल फक्त २ केबी आहे, २०२० ची बघितली तर ती काही एमबीत आहे. म्हणजे तुम्ही म्हणताय तसंच असणार.

पण कॉपी होईना. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, रिकामा आहे, तरी २०१९ ची फाइल आली की म्हणतंय फाइल फार मोठी आहे. ६४ मधे ४.६ बसत नाही हे कुठलं गणित?

आणि दादा नाही, ताई. कोल्हापूरची आहे म्हणून आलो गेलो लिहितो, आमच्यात बायका असंच बोलतात.

सर्व्हर_रूम

सॉरी ताई 🙏 माझी बायको गारगोटीची आहे, मला कळायला पाहिजे होतं.

पेनड्राइव्ह फॅट३२ मधे फॉर्मॅट असेल. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जातच नाही, ड्राइव्ह कितीही मोठा असू दे. त्यावर कामाचं काही नसेल तर राइट क्लिक करून फॉर्मॅट, फाइल सिस्टिममधे एक्सफॅट निवडा. नाहीतर सरळ बाहेरची हार्ड डिस्क लावा.

कट्ट्यावरचा

ताई एक अवांतर, बॅटरी बदला आधी. हजार-दीड हजारासाठी वर्षाचे मेल घालवायला निघालाय.

पॅटर्नशॉप_ऑफिस

बॅटरीचं साहेबांना सांगा.

अपडेट: एक्सफॅट केलं, कॉपी झाली. मग थंडरबर्ड उघडून फक्त लोकलमधल्या २०१९ वर रिपेअर मारलं. पहिली दहा मिनिटं काहीच हलत नव्हतं, मी देव पाण्यात घालून बसलो होतो, मग एकदम यादी भरायला लागली. वीसेक मिनिटांत चौदा हजारावर मेल आले. उघडून बघितले, ड्रॉइंग पण उघडतायत. सर्व्हर_रूम दादा तुम्हाला तांबडा पांढरा लागू.

पण आता दुसरंच. तारखेप्रमाणं लावलं तर ४ ऑगस्टनंतर एकदम १९ ऑगस्ट. मधले पंधरा दिवस एक मेल नाही. बाकी कुठं असा खड्डा नाही.

तेव्हा पूर होता. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या साली ५५ च्या वर गेलेली, शिरोलीजवळ हायवे बंद, आमच्या घरात पाणी आलेलं म्हणून मी नणंदेकडं राहायला. शॉप बंदच होतं. मी परत आलो तेव्हा इनबॉक्स जवळजवळ रिकामा होता, मला वाटलं सगळंच बंद होतं म्हणून मेल आले नसतील. आता वाटतंय रिपेअरमधे तेवढेच गेले काय?

सर्व्हर_रूम

रिपेअर असं तारखा बघून मेल खात नाही. खराब झालं तर फायलीत जिथं खराबी आहे तिथले जातात, आणि तुम्ही कस्टमरप्रमाणं वेगवेगळ्या फोल्डरांतून अर्काइव्ह केलं असणार म्हणजे फायलीत तारखा सलग नसणारच. नेमका पंधरा दिवसांचा चौकोनी तुकडा जातो म्हणजे तो आधीपासूनच नव्हता.

आणि पुरात तुमचं शॉप बंद होतं, मेलचा सर्व्हर काय पंचगंगेत नव्हता. मेल आलेच असणार. प्रश्न एवढाच की ते तुमच्या आधी कुणी उचलले. त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्या मशीनवर हा मेल जोडला होता काय?

पॅटर्नशॉप_ऑफिस

एक मिनिट. साहेब पुण्यात अडकलेले. गेलेले दोन दिवसांसाठी, हायवे बंद झाला म्हणून पाव्हण्यांकडं राहिले. त्यांचा लॅपटॉप होता बरोबर. विचारून सांगतो.

पॅटर्नशॉप_ऑफिस

विचारलं. साहेबांच्या मुलानं फोनवरून सांगून सांगून त्यांच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून दिलेला. पीओपी की काय होतं ते आठवत नाही म्हणाले, "मेल येत होते एवढं आठवतंय." ड्रॉइंग तिथून त्यांनी मिस्त्रींना व्हॉट्सॲप केलेलं, आणि मिस्त्रींचा तो फोन कधीच गेला.

सर्व्हर_रूम

सापडलं ताई. पीओपी असणार. आयमॅप मेल सर्व्हरवर ठेवून दाखवतो, पीओपी मेल खाली उतरवून घेतो. थंडरबर्डमधे पीओपीला सर्व्हरवर प्रत ठेवायची सोय आहे, पण ती नेहमीच्या सेटिंगला १४ दिवसांपुरतीच असते, टिक काढली असेल तर तेवढीही नाही. आणि पीओपीला फक्त इनबॉक्स दिसतो, बाकी फोल्डरं दिसतच नाहीत. तुम्ही रोजच्या रोज मेल इनबॉक्समधून हलवत होता काय?

पॅटर्नशॉप_ऑफिस

व्हय, रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी कस्टमरच्या फोल्डरात टाकतो, इनबॉक्स मोकळा करूनच उठतो. (ती कस्टमरवार फोल्डरं पण अर्काइव्हमधे एकत्र झाली, सगळं २०१९ मधे कालवून टाकलंय, त्याचं दुःख वेगळंच.)

सर्व्हर_रूम

म्हणून तर. जुने सगळे फोल्डरात होते म्हणून वाचले, आणि तुम्ही नव्हता ते पंधरा दिवस मेल इनबॉक्समधेच पडून राहिले आणि लॅपटॉपनं तेवढेच नेले.

लॅपटॉप आहे काय अजून? असेल तर चालू करायच्या आधी वायफायचा राऊटर बंद करा, ही पहिली गोष्ट. पासवर्ड तोच असेल तर थंडरबर्ड उघडल्या उघडल्या आजचा इनबॉक्स पण खाली ओढून घेईल. उघडायचीसुद्धा गरज नाही खरं तर, पण प्रोफाइल कुठं आहे ते सोप्यात कळायला उघडावा लागेल. नेट बंद ठेवून उघडा, हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, त्यात प्रोफाइल फोल्डरसमोर बटण आहे ते दाबा. फोल्डर उघडलं की थंडरबर्ड बंद करा. आत मेल नावाचं फोल्डर, त्यात तुमच्या सर्व्हरच्या नावाचं, त्यात इनबॉक्स आणि सेंट. बिनएक्स्टेंशनच्या त्या दोन फायली तेवढ्या पेनड्राइव्हवर घ्या, एमएसएफ घ्यायची गरज नाही. ऑफिसच्या पीसीवर थंडरबर्ड बंद असताना लोकल फोल्डर्समधे ठेवा, पण नावं बदलून, पूर१ पूर२ काहीही. मग उघडा. अनुक्रमणिका तो स्वतः करून घेतो.

अर्काइव्हची कस्टमरवार फोल्डरं पुढच्या वेळेपासून राहतील. अकाउंट सेटिंग्ज, कॉपीज अँड फोल्डर्स, अर्काइव्ह ऑप्शन्स, तिथं मूळ फोल्डरांची रचना तशीच ठेवायची टिक आहे. झालेलं कालवण मात्र हातानंच निवडावं लागेल.

मिसळ_कट

हे तर डिटेक्टिव्ह काम झालं राव. मी आपला रिपेअर मारा म्हणून मोकळा.

पॅटर्नशॉप_ऑफिस

दोन दिवस उशीर झाला, लॅपटॉप साहेबांच्या घरी माळ्यावर होता, चार्जर सापडत नव्हता, शेवटी राजारामपुरीतनं दुसरा आणला.

तुम्ही सांगितलं तसंच केलं, राऊटरची वायरच काढून ठेवली. इनबॉक्सची फाइल १८० एमबीची निघाली. पूर१ नावानं टाकली, उघडलं, दोनशे सव्वादोनशे मेल. ५ ऑगस्टपासून. ९ तारखेचा मेल पण आहे, ड्रॉइंग आहे, त्यात आउटलेटच्या बॉसचा (गोल उंचवट्याचा) व्यास वाढवलाय, खाली लिहिलंय मशीनिंग अलाउन्स (मशीनिंगसाठी जादा जाडी) तीन एमएम धरा. मिस्त्री चष्मा लावून स्क्रीनच्या पार जवळ जाऊन बघत होते, म्हणाले हेच, मला आठवतंय. आठवत होतं तर आधी का नाही सांगितलं म्हटलं, तर हसायला लागले.

बाकीचे मेल पण वाचत बसलो जरा. निम्मे कामाचेच नाहीत. पुण्याचे, चाकणचे कस्टमर विचारतायत माणसं बरी आहेत काय, पाणी कुठंवर आलंय, काही पाठवू काय. एकानं पीओची (ऑर्डरची) तारीख स्वतःहून महिनाभर पुढं ढकललेली. आम्ही कुणालाच उत्तर दिलं नव्हतं, साहेबांनी फक्त ड्रॉइंगचेच मेल उघडलेले दिसतायत. आता सहा वर्षांनी काय उत्तर देणार. तरी एकाला फोन केला आज, ज्यानं सगळ्यात जास्त मेल केलेले. ते रिटायर झालेत.

होस्टिंगची जागा ९.७ वरून ३.१ जीबीवर आलीय. कोअर बॉक्सचं लाकूड उद्या येतंय.

शेवटचा प्रश्न, लॅपटॉपवरचा तो अकाउंट आता काढून टाकू ना? काढला की त्यातले मेल जाणार काय?

सर्व्हर_रूम

काढाच, नाहीतर कधीतरी साहेब नेट जोडतील आणि परत तेच. काढताना तो विचारतो की अकाउंटची माहिती काढू की मेसेजचा डेटा पण काढू. दुसऱ्या चौकटीत टिक करायची नाही. मग मेलच्या फायली डिस्कवर तशाच राहतात.

आणि ऑफिसच्या पीसीवरची प्रत आता एकुलती एक आहे हे ध्यानात ठेवा, सर्व्हरवर त्यातलं काही उरलेलं नाही. आठवड्यातनं एकदा थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क शॉपमधे ठेवू नका, वरच्या मजल्यावर कुणाकडंतरी ठेवा.

पॅटर्नशॉप_ऑफिस

काढला, टिक न करता. डिस्क नणंदेकडं ठेवतो, ती तिसऱ्या मजल्यावर राहते.

बॅटरीचं कोटेशन घेतलंय, साहेब म्हणाले बघू.