हॉटेल रखडलं त्याचं खापर

एखादं उंच हॉटेल रखडलं की लोक म्हणतात, ‘डिझाइनवर हरकती घेत किस काढत बसल्यामुळेच हॉटेल रखडलं’. हे मत मला अर्धंच पटतं. अशी उंच हॉटेलं बहुधा पैशापाशी अडतात. ऑफिसच्या इमारतीचे भाडेकरार आधीच करून बँकेला दाखवता येतात. हॉटेलच्या खोल्या मात्र रोज रात्री नव्याने विकाव्या लागतात. त्यामुळे कर्ज देणारा हात आखडता घेतो. उत्तर कोरियाच्या राजधानीतलं, प्योंगयांगचं र्‍युग्योंग हॉटेल बघा. १०५ मजले, १९८७ला काम सुरू, १९९२ला पैसे संपले आणि काँक्रीटचा सांगाडा सोळा वर्षं तसाच उभा. तिथे कोण हरकती घ्यायला गेलं होतं?

आणि डिझाइनचा वाद म्हणजे नुसतं ‘दिसतं कसं’ एवढंच नव्हे. लास वेगासच्या व्हदारा हॉटेलची आत वळलेली काचेची भिंत ऊन एकवटून थेट पोहण्याच्या तलावाकाठी टाकायची. २०१०मध्ये एका पाहुण्याचे केस होरपळले, जवळची प्लास्टिकची पिशवी वितळली. व्हदारा ज्या संकुलात आहे, त्यातल्याच हार्मन टॉवरच्या सळ्या चुकीच्या बसवलेल्या निघाल्या; मजले कमी केले, तरी शेवटी एकही पाहुणा न उतरता तो पाडावा लागला.

मला खटकतं ते वेगळंच. मंजुरीच्या चित्रात तळमजल्यावर दुकानं, झाडं, हसरी माणसं असतात. बजेट आवळलं की तिथे पार्किंगची सपाट भिंत येते. उंचीवर भांडण्यापेक्षा पहिले दोन मजले कसे असतील आणि मालाच्या गाड्या कुठून आत शिरतील, हे मंजुरीतच लिहून घ्यावं.