शुक्रवारपर्यंत गाडी ठरवायची आहे: जीटीआय, टाइप आर की आय३० एन? (पाचव्या सीटचा प्रश्न)

प्रेषक: बंडू
मंगळवार, रात्री ११:१२

मंडळी,

जुनी गाडी गेली. कशी गेली ते भाऊ सांगेल, ओढायची दोरी त्याचीच होती. सध्या ऑफिसातल्या मित्राची गाडी वापरतोय आणि त्याचा चेहरा आता बघवत नाही. म्हणून शुक्रवार.

पुढच्या चाकांवर चालणारी टर्बो हॅचबॅक घ्यायची, इथपर्यंत घरात पास झालंय. गोल्फ आर, जीआर यारिस वगैरे चारही चाकांवर चालणाऱ्या सुचवू नका (नाना, हे तुम्हाला). तीन उरल्यात, तिन्ही वापरलेल्या: फोक्सवॅगनची आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय, २४५ हॉर्सपॉवर, मॅन्युअल, होंडाची नवी सिव्हिक टाइप आर, म्हणजे २०२२ नंतरची, ३२९ हॉर्सपॉवर, आणि ह्युंदाईची फेसलिफ्टवाली आय३० एन, २८०.

मन टाइप आरवर आहे, लपवत नाही. पण तिला मागे दोनच सीट. मधे कप ठेवायचे दोन खळगे. आम्ही तिघं, आणि पुढच्या महिन्यात सासू-सासरे येताहेत, सहा महिन्यांसाठी. टाइप आर घरातली एकमेव गाडी म्हणून कुणी वापरली आहे का? पाचव्या माणसाचं काय करता?

बंडू


प्रेषक: नाना
बुधवार, सकाळी ६:०५

बंडू,

गोल्फ आर मी सुचवणारच नव्हतो. मागे सुचवली होती ती भाऊला, तुला नाही.

सीटचं नंतर बघू, आधी मूळ गोष्ट. या जातीच्या गाडीत ओढायचं कामही पुढच्या चाकांचं आणि वळायचंही त्यांचंच. जोरात पाय दिलास की वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. त्यात इंजिन आडवं, गिअरबॉक्स एका अंगाला, म्हणून चाकांकडे जोर नेणारे डावा आणि उजवा शाफ्ट सहसा सारख्या लांबीचे नसतात. टर्बो जागा झाला की स्टेअरिंग एका बाजूला हिसकतं. माझ्या एका जुन्या टर्बोत (कंपनीचं नाव घेत नाही) ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरला मी स्टेअरिंग धरलंय की म्हशीचं दावं, तेच कळायचं नाही.

टाइप आरमध्ये यावर खरा इलाज आहे. साध्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की सस्पेन्शनचा अख्खा स्ट्रट (स्प्रिंगचा उभा खांब) फिरतो. हिच्यात स्ट्रट जागेवर राहतो आणि खालचा वेगळा नकल, म्हणजे चाक धरणारा सांधा, तेवढा फिरतो. त्यामुळे फिरण्याचा अक्ष चाकाच्या मध्याजवळ येतो आणि इंजिनाच्या ओढीला तुझा हात पिरगाळायला फारशी तरफच उरत नाही. म्हणून ४२० न्यूटन-मीटर टॉर्क (पिळाचा जोर) पुढच्या दोन चाकांना देऊनही ती सरळ जाते.

शिवाय एलएसडी. त्याशिवाय वळणात आतलं चाक नुसतं भिरभिरतं आणि सगळा जोर तिथेच वाया जातो. टाइप आरचं एलएसडी निव्वळ दातांच्या चाकांवर चालतं. जीटीआय आणि आय३० एनमध्ये क्लचच्या चकत्या असतात आणि त्या किती दाबायच्या ते कॉम्प्युटर ठरवतो. मला दातवालं आवडतं, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

नाना


प्रेषक: माई (लिस्ट व्यवस्था)
बुधवार, सकाळी ८:४०

नाना, लिस्टवर एलएसडी हा शब्द आल्यामुळे मला सकाळपासून दोन फोन आले. कृपया पूर्ण नाव लिहावे. आणि ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे, याची सगळ्यांना पुन्हा एकदा आठवण.

माई


प्रेषक: नाना
बुधवार, सकाळी ८:५२

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक भिरभिरू न देता जोर दोन्ही चाकांना वाटणारा भाग. गाड्यांचे प्रश्न या लिस्टवर याहू ग्रुपच्या काळापासून येत आहेत आणि उत्तरं कोण देतंय तेही सगळ्यांना ठाऊक आहे. सहलीला चार गाड्या कुठून आल्या होत्या?

नाना


प्रेषक: नवखा
बुधवार, दुपारी १२:३०

नमस्कार, मी लिस्टवर नवीन आहे. नानांचं बरोबर आहे, पण एक मुद्दा सुटला. टाइप आरच घ्यायची तर आधीची, २०१७ सालची का नको? जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकवर एका फेरीची तिची वेळ ७ मिनिटं ४३.८० सेकंद होती. नवीने २०२३ मध्ये ७ मिनिटं ४४.८८१ घेतली. म्हणजे जुनी जलद आणि स्वस्तही पडेल.


प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी १:१५

नवखा, स्वागत. पण अंतर पाहिलंत का? २०१७ ची वेळ २०.६ किलोमीटरवर मोजली होती. पुढे मोजायची पद्धत बदलली आणि पूर्ण २०.८३२ किलोमीटर धरायला लागले. नवी गाडी २३२ मीटर जास्त धावली आहे. तिची सरासरी ताशी १६० च्या आसपास येते, म्हणजे त्या तुकड्याला ५ सेकंद धरा. ते वजा केले की नवीच ४ सेकंदांनी पुढे.

आणि २०१७ वालीलाही मागे दोनच सीट. बंडूचा प्रश्न होता तिथेच.

अण्णा


प्रेषक: भाऊ
बुधवार, संध्याकाळी ५:४८

दोरी माझी होती आणि ती तुटली, तेवढं बंडू सांगत नाही.

नुरबर्गरिंगचं सोडा, टायर बघा. नव्या टाइप आरचा टायर २६५/३० आर १९. म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर आणि उंची तिच्या ३० टक्के, जेमतेम ८० मिलिमीटर रबर. चार बोटं आडवी धरा, तेवढंच. त्याआधीची २० इंची चाकांवर होती, २४५/३०, म्हणजे ७४ सुद्धा नाही. जीटीआय १८ इंची घेतलीस तर २२५/४०, ९० मिलिमीटर. १०-१५ मिलिमीटरने काय होतं म्हणाल, तर ऐका.

मागच्या हिवाळ्यात, सहलीच्या आदल्या रात्री, पाण्याने भरलेला खड्डा. मला वाटलं डबकं आहे. आवाज असा आला की बायको झोपेतून उठून म्हणाली, 'कोण आलंय?' टायरच्या बाजूच्या भिंतीला बोटभर चीर, रिमला चपटा कोपरा. डिकी उघडली तर स्टेपनी नाही, फेस भरायची बाटली आणि छोटा पंप. बाजूच्या भिंतीला चीर गेली की त्या बाटलीचा शून्य उपयोग, फेस बाहेरच येतो. मी दोन बाटल्या संपवून पाहिलं आहे. शेवटी नानांनी रात्री दीड वाजता येऊन सोडवलं, ते मी कबूल करतो.

उन्हाळी टायर थंडीत (७ अंशांच्या खाली) कडक होतात हेही लक्षात ठेव. दोन सेट लागतील. नानांचं दातवालं एलएसडी टायरला पकड असेल तरच काम करणार.

भाऊ


प्रेषक: नाना
बुधवार, संध्याकाळी ६:१०

पावणेदोन वाजता. आणि मी तेव्हाच म्हणालो होतो, एक साइज लहान रिम घे.


प्रेषक: नवखा
बुधवार, रात्री ९:२०

अण्णा, अंतराचं लक्षात आलं नव्हतं, आभारी आहे.

मग आय३० एनबद्दल कुणीच का बोलत नाही? माझ्याकडे तीन वर्षं आहे. पाच सीट, मॅन्युअल, ३९२ न्यूटन-मीटर. नावातला एन नामयांग (ह्युंदाईचं कोरियातलं संशोधन केंद्र) आणि नुरबर्गरिंग या दोन्हींचा. खाली गिअर टाकताना गाडी स्वतःच इंजिनाचे फेरे जुळवून घेते, नको असेल तर एका बटणाने बंद. फक्त एक सांगतो, एन मोडमध्ये सायलेन्सर फटाक्यासारखा वाजतो. शेजाऱ्यांशी संबंध बरे असतील तर पहाटे नॉर्मल मोडमध्येच बाहेर काढा.


प्रेषक: अण्णा
बुधवार, रात्री ९:४१

फटाके ऐकायला मिळणार असतील तर पुढच्या सहलीला मी नवखाच्या गाडीत.


प्रेषक: वैनी
बुधवार, रात्री १०:३०

सगळ्यांना नमस्कार. मी बंडूची बायको. मीही लिस्टवर आहे, हे कदाचित काही जण विसरले असतील.

दोन दिवस दात, तरफ आणि खड्डे वाचले. पाचव्या सीटवर कोण बसणार हे एकानेही विचारलं नाही. ती मी आहे. बाबांचा गुडघा वाकत नाही, ते पुढे. आई खिडकीशी, मुलगा दुसऱ्या खिडकीशी त्याच्या बूस्टरवर, मधे मी. म्हणून काल आम्ही गोल्फ बघायला गेलो तेव्हा मी मागे, मधे बसून आले. पायाखाली हा एवढा उंचवटा! एक पाय इकडे, एक तिकडे, घोड्यावर बसल्यासारखं. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणता, मग मधे तो बोगदा कशाला? आणि बूस्टर ठेवला की शेजारचं पट्ट्याचं बक्कल त्याच्याखाली जातं. ते शोधताना माझं नख तुटलं.

टाइप आरमध्ये मी कुठे बसायचं ते बंडूने अजून सांगितलेलं नाही. कप ठेवायच्या खळग्यात बसेन असं दिसतंय.

वैनी


प्रेषक: नाना
बुधवार, रात्री १०:५५

वैनी, प्रश्न रास्त आहे. गोल्फचा सांगाडा एकच, त्याच्यावर गोल्फ आरही बनते आणि तिला मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट न्यावा लागतो. सायलेन्सरचा पाइपही त्याच खाचेतून जातो आणि उंचवट्यामुळे तळ ताठ राहतो. जीटीआय नुसती पुढच्या चाकांवर चालली तरी बोगदा तिच्या वाट्याला येतोच.

(आता मी गोल्फ आरचं नाव घेतलं, पण प्रश्न तुमचा होता.)

बक्कलसाठी बूस्टर अरुंद बुडाचा घ्या.

नाना


प्रेषक: बंडू
गुरुवार, सकाळी ७:१५

हिने काल रात्री मेल पाठवला हे मला लिस्टवरूनच कळलं.

ठीक आहे, टाइप आर बाजूला. तिची डिकी गोल्फपेक्षा मोठी आहे, मंडळाचे दोन्ही स्पीकर एका खेपेत गेले असते, हे फक्त नोंदीसाठी. पुढच्या सीटही सासऱ्यांना जमल्या नसत्या. दोन्ही बाजूंना उंच कठडे, उतरताना गुडघा वर घ्यावाच लागतो.

आता जीटीआयमध्ये वेगळाच पेच. आठव्या पिढीत स्टेअरिंगवर दाबायची बटणं नाहीत, बोट फिरवायचे काळे काचेसारखे तुकडे. आवाज आणि तापमानाच्या पट्ट्याही स्पर्शाच्या, त्या रात्री उजळत नाहीत. कंपनीने नंतर सुधारणा केली, खरी बटणं परत आणली, पट्ट्याही उजळल्या, हॉर्सपॉवर २६५ केली आणि त्याच दमात मॅन्युअल गिअर काढून टाकला. म्हणजे गिअर हवा तर बटणं नाहीत, बटणं हवीत तर गिअर नाही. कोण ठरवतं हे?

नवखा, तुमच्या गाडीत मधे बसून कुणी लांबचा प्रवास केलाय का?


प्रेषक: नवखा
गुरुवार, सकाळी ७:५०

माझा मेहुणा, चार तास. उतरल्यावर माझ्याशी बोलत होता. उंचवटा आहे, पण त्याची तक्रार उंचवट्याची नव्हती, सस्पेन्शनची होती. स्पोर्ट मोडमध्ये मी ते कडक ठेवलं होतं. नॉर्मलवर ठेवा.


प्रेषक: माई (लिस्ट व्यवस्था)
गुरुवार, सकाळी ९:०५

हे असं मेलवर ठरणार नाही. वैनींच्या आईची उंची माझ्याएवढीच आहे, मागच्या खेपेला आल्या होत्या तेव्हा आम्ही शेजारी उभ्या होतो. अण्णांचा गुडघाही वाकत नाहीच. आज संध्याकाळी आम्ही दोघे सासू-सासरे म्हणून येतो. बूस्टर आणावा. नानांनी येऊ नये, पाचच सीट आहेत.

माई


प्रेषक: नाना
गुरुवार, सकाळी ९:०७

मी माझ्या गाडीने मागून येईन.


प्रेषक: बंडू
गुरुवार, रात्री १०:४५

मंडळी, झालं.

आधी आय३० एन. अण्णा पुढे, माई खिडकीशी, मुलगा अरुंद बूस्टरवर (नाना, बक्कल सापडलं), ही मधे. चढावर पाच माणसांसकट तिसऱ्या गिअरला पाय दिला तर पिकअप जाणवण्याइतका शिल्लक होता. नॉर्मल मोडमध्ये माई बोलत राहिल्या, म्हणजे सस्पेन्शन पास. स्पोर्टमध्ये त्यांनी एकदा 'अगं आई' म्हटलं. एन मोड अण्णांनी न विचारता लावला. फटाके वाजले, मुलगा हसून हसून बूस्टरवरून घसरला, आणि अण्णा म्हणाले, वळवून परत एकदा घे.

मग जीटीआय. गाडी जास्त शांत, जास्त समजूतदार. उतरल्यावर ही म्हणाली की गोल्फमध्ये तिला मधे बसवता येईल, पण आय३० एनमध्ये ती मधे बसेल. मी यावर वाद घातला नाही.

आय३० एन घेतोय, सहा गिअर, मॅन्युअल. शनिवारी ताब्यात. टायरचा दुसरा सेट लगेच घेणार, भाऊ, आणि दोरीही नवी.

माई, तुमचा चष्मा मागच्या सीटच्या फटीत राहिला होता. विकणाऱ्याला सापडला आहे, शनिवारी गाडीबरोबर आणतो. फक्त तो म्हणतोय की दोन सापडले. दुसरा कुणाचा?